दहा किलो गव्हाचं पीठ

कार्डिफच्या एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात अर्चना खुटाळेनं चोवीस वर्षं नोकरी केली. कुणाला बिनमिठाचं, कुणाला मऊ, कुणाला नुसतं पातळ, असं वॉर्डावॉर्डाचं जेवण तिच्या नजरेखालून जायचं. साठाव्या वर्षी ती रिटायर झाली. सगळ्यांनी केक कापला, फुलं दिली, गळ्यात पडून रडून झालं. आणि सोमवारी पहाटे साडेपाचला सवयीनं टक्क जाग आली. आता करायचं काय?

नवरा मोहन तिच्या आधीच रिटायर झालेला. त्यानं बागेतले टोमॅटो आणि टीव्हीवरचं क्रिकेट यांत आपलं बस्तान बसवून घेतलं होतं. मुलगी चैत्राली ब्रॅकनेलला सॉफ्टवेअर कंपनीत. तिनंच फोनवर सुचवलं, "आई, लायब्ररीमध्ये डेटाइम क्लासेस असतात. ऑल्मोस्ट फ्री आहे. कर ना काहीतरी, नाहीतर तू बाबाचा डोकं खाशील."

"बाबाचं डोकं," अर्चनानं दुरुस्त केलं.

"व्हॉटेव्हर. खाशील ना?"

लायब्ररीत गेली तर वॉटरकलरचा वर्ग भरलेला, वेल्श शिकायचा वार जमेना. उरला गुरुवारी दुपारी दोनचा वर्ग. विषय होता जुन्या, म्हणजे सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कवितेतली माणसं, त्यांचे हुद्दे आणि त्यांचे धंदे. अर्चनाला कवितेचं फारसं वेड कधीच नव्हतं. पण माणसं म्हटल्यावर तिनं नाव घातलं.

शिकवणाऱ्या बाईंचं नाव ग्वेन. सत्तरीच्या, कॉलेजातून निवृत्त झालेल्या, लाल काड्यांचा चष्मा, आणि हसल्या की खांदे गदागदा हलायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी बोर्डावर एक शिडी काढली. सगळ्यांत वर प्रार्थना करणारे, त्यांच्याजवळ तलवार चालवणारे, आणि तळाला राबणारे. "ही शिडी देवानंच बांधली आहे असं तेव्हा सांगितलं जायचं," ग्वेन म्हणाल्या. "पण कवींना खरी मजा येते ती मधल्या पायऱ्यांवरच्या लोकांची. व्यापारी, वकील, आचारी, जमीनदाराचा कारभारी. नक्की वरचेही नाहीत आणि खालचेही नाहीत, असे."

अर्चनानं हात वर केला. म्हणाली, "आमच्या हॉस्पिटलात अंगरख्याच्या रंगावरून कळायचं. गडद निळा म्हणजे सिस्टर, त्याहून फिका म्हणजे स्टाफ नर्स, हिरवा म्हणजे मदतनीस. आणि आम्हा किचनवाल्यांकडे कुणी रंग बघण्याइतकंही बघायचं नाही."

ग्वेनचे खांदे हलले. "तेव्हा तर कायदाच होता! कुठल्या दर्जाच्या माणसानं कुठलं कापड घालायचं, कॉलरला कुठल्या जनावराची लव लावायची, सगळं लिहून ठेवलेलं."

त्या दिवसापासून अर्चना वर्गात रमली. पुढच्या गुरुवारी तिनं बलुतेदारांची गोष्ट सांगितली. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, आणि प्रत्येकाला सुगीला मिळणारा धान्याचा वाटा. "पण ते जन्मानंच ठरायचं," ती म्हणाली, "आणि मेल्याशिवाय सुटायचं नाही." ग्वेननं तिच्या हाती खडू देऊन ती नावं बोर्डावर देवनागरीत लिहायला लावली. चोवीस वर्षं ट्रॉलीवर लेबलं चिकटवलेल्या हातानं बोर्डावर 'लोहार' लिहिताना तिला उगीचच कढ आला.

पाचव्या आठवड्यात ग्वेननं काम वाटून दिलं. प्रत्येकानं एकेक धंदा घ्यायचा, त्याच्यावरच्या कविता वाचायच्या, आणि महिन्याभरानं वर्गापुढं दहा मिनिटं बोलायचं. सरदार पटकन गेला. मठातली बाई गेली, व्यापारी गेला. नांगऱ्यावरून तर दोघांची झटापट झाली, कारण त्या कवितांमध्ये नांगरणारा शेतकरी म्हणजे जवळजवळ संतच. शेवटी उरला गिरणीवाला.

"अर्चना, तुला चालेल?" ग्वेननं विचारलं. "मोठा मजेशीर प्राणी आहे. कुठलीही कविता उघड, गिरणीवाला हमखास चोर!"

सगळे हसले. अर्चनाही हसली. "चालेल," ती म्हणाली. पण स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

अर्चनाचे वडील, नामदेव हेंद्रे, बार्शीत पिठाची गिरणी चालवायचे.

ही गोष्ट तिनं कधी लपवली नव्हती, पण कधी सांगितलीही नव्हती. मोहनला माहीत होतं ते एवढंच, की सासऱ्यांची गिरणी होती आणि ती बंद पडली. ती का बंद पडली, हे अर्चनानं पंचेचाळीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

ती आणि तिचा थोरला भाऊ अजय वडिलांना दादा म्हणायचे. दादा रोज संध्याकाळी पट्टा उतरवून गिरणी उघडायचे आणि दगडाभोवतीचं, पन्हाळीतलं, कोपऱ्याकोपऱ्यातलं पीठ कुंच्यानं झाडून एका डब्यात भरायचे. त्यात ज्वारी, बाजरी, गहू, हरभरा, सगळं एकत्र. त्या झाडणीच्या पिठाच्या भाकऱ्या घरी व्हायच्या. चवीला झकास, रंगानं मात्र विचित्र, ठिपक्याठिपक्यांच्या.

अर्चना तेरा वर्षांची असताना शाळेत डबा खाताना तिच्या मैत्रिणीनं, सुमेधानं, विचारलं, "तुझी भाकरी अशी गं कशी?"

"गिरणीतल्या पिठाची आहे," अर्चनानं सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काही असेल असं तिच्या मनातही आलं नाही.

सुमेधाचे वडील शाळेचे हेडमास्तर. पुढच्याच मंगळवारी सकाळी, गिरणी उघडायच्या आत, सुमेधाची आई दारात हजर. सोबत घरी तोलून आणलेले बरोबर दहा किलो गहू. पहिला नंबर तिचा. दादांनी दळण दिलं. तासाभरानं बाई परत आली ती रस्त्यापासूनच ओरडत. पीठ साडेनऊ किलो भरलं होतं! "लेकरं चोरीच्या पिठाच्या भाकऱ्या आणतात शाळेत!" ती सगळ्या गिऱ्हाइकांपुढं म्हणाली.

दादांनी हात जोडले. "बाई, पहिलं दळण दगड खातो. काल सुट्टी होती, गिरणी झाडून मोकळी केलेली. खरं सांगतो."

लोक हसले. दगड खातो म्हणे! ते वाक्य बार्शीत पुढं कितीतरी दिवस चाललं. कुणाची काही वस्तू हरवली की म्हणायचे, दगडानं खाल्ली असेल. गिऱ्हाइकं एकेक करून पलीकडच्या गल्लीतल्या गिरणीकडं वळली. दोन वर्षांत दादांनी गिरणी विकली आणि एका तेलाच्या घाण्यावर राखणदार म्हणून लागले. ते कुणाला काही बोलले नाहीत. अर्चनालाही नाही. आणि तेच तिला सगळ्यांत जड गेलं. भाकरीचं आपण बोललो म्हणून हे झालं, हा एक सल. आणि त्याच्याही खाली, कधी उघड्यावर न आणलेला दुसरा: खरंच घेत असतील का दादा? अर्धा किलो म्हणजे थोडं नव्हे.

दादा गेले तेव्हा अर्चना कार्डिफला होती. तो प्रश्न तसाच राहिला.

आता पुस्तकं समोर घेऊन ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची. जुन्या कविता आजच्या इंग्रजीत केलेल्या होत्या, त्यामुळं अडचण काही नव्हती. अडचण गिरणीवाल्याची होती. एकात तो जाडजूड आणि दारूबाज, दुसऱ्यात भांडखोर, तिसऱ्यात गोडबोल्या. पण चोर सगळ्यांत. सहाशे वर्षं आणि एवढे समुद्र ओलांडूनही दादांच्या माथ्यावरचा शिक्का तोच. तिसऱ्या दिवशी तिनं पुस्तक मिटलं आणि ग्वेनला फोन केला.

"मला दुसरं काहीतरी द्या. आचारी द्या. मी किचनमधलीच आहे."

"काय झालं?"

काय झालं ते अर्चनानं सांगितलं. एवढी वर्षं घरात न सांगितलेलं, पाच आठवड्यांच्या ओळखीच्या बाईला फोनवर, उभ्या उभ्या.

"अर्चना, कवींनी पीठ दळलेलं नसतं," ग्वेन म्हणाल्या. "तू आधी गिरणीत जा. इथून पाऊण तासावर ओढ्याकाठी एक जुनी पाणचक्की आहे, लोकांनी दुरुस्त करून चालू केलेली. शनिवारी उघडी असते. तिथं ह्यू म्हणून एकजण भेटेल. त्याला विचार. मग ठरव आचारी हवा की गिरणीवाला."

फोन ठेवून अर्चना वळली तर बागेच्या दारात मोहन उभा. हातात टोमॅटोची टोपली. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"शनिवारी मी गाडी काढतो," तो म्हणाला.

"अहो, मॅच आहे ना तुमची?"

"असू दे."

ह्यू पंचाहत्तरीचा, पूर्वी पोलादाच्या कारखान्यात फिटर असलेला माणूस. भुवयांवर पीठ, दाढीत पीठ. त्या आठवड्यात त्यानं दगडांना टाकी लावली होती, म्हणजे छिन्नीनं घाव घालून दगडाचे दात पुन्हा उठवले होते. चक्की आतून धुतल्यासारखी स्वच्छ होती. अर्चनाला ते बघूनच बरं वाटलं. खरं तर टाकी म्हणजे काय हे सांगावंही लागलं नाही, तेव्हा ह्यूनं तिच्याकडं जरा आदरानं पाहिलं.

"मला एक करून बघायचंय," ती म्हणाली. "दहा किलो गहू तोलून घालायचे आणि पीठ तोलायचं."

"आज? टाकी लावल्यावरचं पहिलंच दळण आहे हे," ह्यू म्हणाला. "त्याचं वजन करून काय करणार? पहिलं दळण दगड खातो."

अर्चनानं कठड्याला हात टेकला. "काय म्हणालात?"

"दगड खातो. आम्ही असंच म्हणतो. का?"

"काही नाही. तोला तुम्ही."

काट्यावर गहू बरोबर दहा किलो. ह्यूनं पाणी सोडलं, चाक कुरकुरलं, लाकडी दातांचा खडखडाट सगळ्या इमारतीत भरला. अर्चना पन्हाळीच्या तोंडाशी उभी राहिली. वरून गहू संपत चालले तरी खाली पीठ यायचं नाव नव्हतं. मग आलं, आधी चिमटी चिमटी, मग धार. शेवटचा दाणा संपल्यावरही ह्यूनं दगड जरा वेळ फिरू दिला. पोतं काट्यावर ठेवलं.

नऊ किलो चारशे ग्रॅम.

मोहननं काट्याकडं पाहिलं, मग बायकोकडं.

"बाकीचं हे इथं," ह्यू म्हणाला आणि त्यानं दगडाभोवतीचं लाकडी कडं उचललं. आत, कडेनं गोलाकार, पांढऱ्या पिठाचा बांध घातल्यासारखा दिसत होता. "मोकळ्या दगडाभोवतीची ही जागा भरल्याशिवाय पीठ बाहेर पडत नाही. थोडं धूळ होऊन उडतं, माझ्या दाढीत बसतं. दळताना दाणा तापतो, त्याचं पाणी वाफेनं जातं. आता दुसरे दहा किलो घाल."

दुसऱ्या दहा किलोंचं पीठ नऊ किलो आठशेच्या वर भरलं.

"बघ. पहिल्याचं आत राहिलं, त्यामुळं दुसऱ्याला पुरेपूर मिळालं. शेवटचं उरतं ते संध्याकाळी झाडून काढावं लागतं, नाहीतर अळ्या होतात. त्याचा मालक कोण? कुणीच नाही, सगळ्यांचं थोडं थोडं. पूर्वी ते गिरणीवाल्याच्या घरीच जायचं. दुसरं करणार काय, फेकणार?"

अर्चना गव्हाच्या पोत्यावर बसली. सुट्टीनंतरचा मंगळवार, झाडून मोकळी केलेली गिरणी, पहिला नंबर. हेडमास्तरांच्या बायकोनं आणलं ते नेमकं तेच दळण, जे कुठल्याही गिरणीत कमीच भरलं असतं. इतकी साधी गोष्ट! दादांनी हात जोडून सांगितलेली, शब्दन् शब्द खरी. तिला रडू आलं, पण ते विचित्रच रडू होतं. छातीवरचं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं आणि एकदम खोल श्वास यावा, तसं. मोहन शेजारी बसला. त्याच्या काळ्या जाकिटाला सगळीकडं पीठ लागलं. ह्यू चहा करायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

घरी पोचल्यावर तिनं चप्पलही न काढता बार्शीला फोन लावला. तिकडं रात्रीचं जेवण चाललं होतं.

"अण्णा," ती भावाला म्हणाली, "दादांनी पीठ घेतलं नव्हतं."

"मग? घेतलं होतं असं कोण म्हणतं?" अजय घास खाता खाता म्हणाला.

"नाही, म्हणजे मी आज तोलून बघितलं. आणि अजून एक. ते भाकरीचं सुमेधाला मी सांगितलं होतं. शाळेत. माझ्यामुळं झालं सगळं."

"अगं, माहीत आहे की."

"काय माहीत आहे?"

"तूच सांगितलंस ते. बाई चारचौघांत ओरडली ना, लेकरं भाकऱ्या आणतात म्हणून! तेव्हाच कळलं सगळ्यांना. मी तर त्या दिवशी तुला बदडणार होतो. दादांनी माझा हात धरला. म्हणाले, पोरीनं खरं तेच सांगितलं, तिला कुणी एका शब्दानं बोलायचं नाही. खरं बोलल्याची शिक्षा माझ्या घरात नको."

अर्चना तशीच चपलांसकट खुर्चीत बसली.

"अण्णा, मग तू मला इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"आता तुला काही ठाऊकच नाही हे मला कुठं ठाऊक, अर्चे! मला वाटलं तू विसरलीस. तिकडं एवढ्या लांब, कोण धरून बसतं असलं?" मग त्याचा आवाज जरा हळू झाला. "आणि ऐक. घाण्यावर दादा सुखी होते. गिरणीच्या धुळीनं त्यांचा दमा वाढला होता, ती सुटल्यावर रात्रीची झोप लागायला लागली. चिवडा बांधून न्यायचे, गप्पा मारायचे. तू उगीच मनाला लावून घेऊ नकोस."

त्या संध्याकाळी तिनं चैत्रालीलाही सगळं सांगितलं. ऐकून पोरगी म्हणाली, "आई, आय विश तू आधी सांगितली असतीस. हे किती मोठी गोष्ट आहे." अर्चनानं या वेळी तिचं व्याकरण सुधारलं नाही.

आचारी नको, गिरणीवालाच हवा, असं तिनं ग्वेनला कळवलं आणि मग झपाटल्यासारखं वाचलं. तिच्या दहा मिनिटांच्या गुरुवारी वर्गात एक खुर्ची जास्त लागली, कारण मोहनही आला होता. अर्चनानं हातात कागद धरला होता, पण त्यात फारसं बघितलं नाही.

"या कवितांत गिरणीवाला नेहमी चोर का असतो?" तिनं सुरुवात केली. "मला वाटतं, तो शिडीच्या वाईट पायरीवर उभा आहे म्हणून. गिरणी जमीनदाराची. गावानं तिथंच दळायचं अशी सक्ती. घरी जात्यावर दळायला पुष्कळ ठिकाणी बंदी होती. दळणाबद्दल धान्याचा वाटा कापून घ्यायचा, तो हक्क वरच्यानं ठरवलेला. पण कापणारा हात कुणाचा दिसतो? गिरणीवाल्याचा. जमीनदाराला शिव्या देता येत नाहीत, मग याला द्यायच्या. आमच्या बलुतेदारांत गिरणीवाला नाहीच, कारण दळायच्या बायका, घरोघरी, पहाटे उठून. त्यामुळं संशय घ्यायला माणूसच नव्हता. गिरणी आली आणि संशयही आला."

मग तिनं दादांबद्दल सांगितलं, नाव घेऊन, गावाच्या नावासकट. पाणचक्कीतले आकडे बोर्डावर लिहिले. "काही गिरणीवाले चोर असतीलही," ती म्हणाली. "आचारीही असतात, मी चोवीस वर्षं बघितलेत. पण कवीनं एकदा तरी तोलून बघायला हवं होतं."

वर्गात हशा पिकला. नांगऱ्यावर बोललेला एक निवृत्त बस ड्रायव्हर उठून म्हणाला, "माझा नांगऱ्या एवढा संत होता की मला आता त्याच्याबद्दलच संशय येतोय." ग्वेनचे खांदे हलत होते आणि चष्मा हातात होता. डोळे पुसायचे होते म्हणून.

मार्चमध्ये ह्यूचा गुडघा दुखायला लागला आणि त्यानं शनिवारच्या मदतीला माणूस मागितला. अर्चनानं नाव दिलं. एक साधा फॉर्म, सुरक्षिततेची तासभर माहिती, आणि खाकी एप्रन. पहिल्या शनिवारी ओढा दुथडी भरून वाहत होता. ह्यूनं तिला बाहेर पाण्याच्या दाराशी नेलं, लोखंडी चाक दाखवलं आणि स्वतः काठी टेकत मागं उभा राहिला.

"सावकाश," तो म्हणाला. "आधी अर्धा फेरा."

अर्चनानं दोन्ही हातांनी चाक धरलं. ते गार आणि जड होतं, हलेना. तिनं पाय रोवून अंगाचं सगळं वजन टाकलं. दार करकरत चार बोटं वर आलं, खालून पाण्याचा लोट फेसाळत सुटला, आणि भिंतीपलीकडचं मोठं लाकडी चाक आधी थरथरलं, मग निघालं. गार तुषार तिच्या तोंडावर आले. काठावर मोहन फोन उभा-आडवा करत व्हिडिओ काढत होता आणि चैत्रालीला दाखवायला काहीतरी ओरडून सांगत होता. पाण्याच्या आवाजात त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

"आणखी अर्धा!" ह्यू ओरडला.

अर्चनानं पुन्हा चाकाला हात घातला.